सॅम्पल आणलंय का?

पुण्याच्या नाना पेठेतल्या पाचव्या दुकानातही तोच प्रश्न आला. "सॅम्पल आणलंय का, ताई?"

पर्समधून कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर उलगडली. देवळातून आणलेल्या अंगाऱ्याची असते तशी पुडी. आत पोलादाचे दोन तुकडे होते, दोन्ही मिळून करंगळीच्या नखाएवढे. दुकानदार काकांनी ते तळहातावर घेतले, एकमेकांना जुळवून पाहिले, तुटलेली कड अंगठ्यानं चाचपली.

"मॅग्नेटची चावी. गाडी कुठली?"

"प्रिया."

आधीच्या चार दुकानांत याच शब्दाला बोलणं संपलं होतं. एकानं तर शेजारच्याला हाक मारून सांगितलं होतं, अरे, प्रियाचं गिऱ्हाईक आलंय. हे काका मात्र हसले नाहीत. खणातून व्हर्नियर काढत म्हणाले, "गाडी राहू दे. माप बघू आधी."

त्या एका वाक्यासाठी मी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं एकशे दहा किलोमीटर आले होते, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

चावी म्हटल्यावर कुलपाची चावी डोळ्यांसमोर येते, पण ही तशी नाही. जाडसर नाणं मधोमध कापावं तसा हा एक अर्धचंद्र. माझी आई कुंकवाची चंद्रकोर रेखायची, ती भरीव करून पालथी घातली की झाली मॅग्नेटची चावी. स्कूटरच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला एक अर्धगोल खाच असते. मॅग्नेट म्हणजे त्या टोकावर बसून फिरणारं, ठिणगीची वीज तयार करणारं चाक. चावीचं गोल पोट त्या खाचेत बसतं, सपाट पाठ थोडी वर राहते, आणि मॅग्नेटच्या भोकातली घळ त्या पाठीवर सरकत येते. अशी घळ जुळली की मॅग्नेट शाफ्टवर एकाच जागी बसतं, दुसरीकडे बसूच शकत नाही. प्लगमध्ये ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते या जागेवर ठरतं. पिस्टन वर येऊन पोचण्याच्या जरासं आधी ती पडली पाहिजे. हा क्षण हुकला की पेट्रोल आहे, प्लग चांगला आहे, कार्बोरेटर स्वच्छ आहे, तरी गाडी चालत नाही.

आमच्या गाडीचं तसंच झालं होतं, आणि ते माझ्या हातून झालं होतं.

गाडी बाबांची. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९८४ साली नंबर लागून प्रिया घरी आली तेव्हा मी दुसरीत होते. प्रिया ही आम्हा सातारकरांची गाडी. चेतक आकुर्डीची, प्रिया साताऱ्याची. वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन आणि बजाज ऑटो यांनी १९७५ मध्ये मिळून काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ती बनायची. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील त्या कारखान्यात होते, आणि रस्त्यात प्रिया दिसली की "ही आमच्या पप्पांनी बनवली" असं त्यातलं कुणीतरी म्हणायचंच. तीन गिअर, डाव्या मुठीत क्लच, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. बाबा दर रविवारी अंगणात बसून तिचा प्लग काढायचे आणि मी शेजारी पाना धरून बसायचे. प्लगचं तोंड काळं असेल तर काय, तांबूस असेल तर काय, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

आता बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. गाडी मी चालवते, आणि जमेल तेवढी दुरुस्तीही मीच करते. गेल्या पावसाळ्याआधी कंडेन्सर बदलायला मॅग्नेट उतरवलं. काम झालं, मॅग्नेट परत चढवलं, नट आवळला. पण मॅग्नेट धरून ठेवायचं होल्डर माझ्याकडे नव्हतं. एका हातानं मॅग्नेटवरचा पंखा धरून दुसऱ्या हातानं जेवढं आवळलं गेलं तेवढं आवळलं. शिवाय शाफ्टच्या निमुळत्या भागावर ऑइलचा हात लागला होता, तो पुसायचा राहिला.

पंधरा दिवसांनी सज्जनगडाकडे निघाले होते. बोगदा ओलांडून चढाला लागल्यावर सायलेन्सरमधून बार फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. किक मारली तर किक उलटी आली आणि नडगीवर बसली. पुन्हा मारली, पुन्हा उलटी. गाडी ढकलत परत आणली ती थेट मामांच्या गॅरेजवर.

मामा नात्यानं माझे मामा नाहीत, सगळ्या गावाचे मामा आहेत. तरुणपणी कारखान्यात होते, नंतर घराच्या ओट्यावर गॅरेज काढलं. त्यांनी किकवर नुसता पाय ठेवला, अर्धीच दाबली आणि म्हणाले, "चावी गेली. मॅग्नेट कुणी उतरवलं हुतं?"

"मी."

रागावले नाहीत. मॅग्नेट उतरवलं, चिमट्यानं एक तुकडा शाफ्टच्या खाचेतून काढला, दुसरा मॅग्नेटच्या घळीतून टोकरून काढला आणि माझ्या हातावर ठेवले. मग त्यांनी जे समजावलं ते मला आजवर नीट माहीत नव्हतं. माझी समजूत अशी होती की ही चावीच मॅग्नेटला फिरवते. तसं नाही. फिरवतो तो शाफ्टचा निमुळता भाग, टेपर. नट पुरता आवळला आणि टेपर स्वच्छ, कोरडा असला की मॅग्नेट त्यावर असं घट्ट बसतं की सगळा जोर तो टेपरच घेतो. चावीनं फक्त जागा दाखवायची. नट ढिला राहिला, टेपरवर ऑइल राहिलं, की सगळा भार त्या नखाएवढ्या तुकड्यावर येतो आणि तो कापला जातो. चावी शाफ्टपेक्षा मऊ ठेवतात ती यासाठीच. तुटायचंच असेल तर तिनं तुटावं, क्रँक वाचावा.

मी विचारलं, "मग लेथवर एखादी करून घेऊ का?"

"कशाची करशील? कुणीतरी कानशीचा तुकडा घासून देईल, दगडावाणी कडक. ती न्हाई तुटायची, शाफ्टची खाच फाडंल. चावी चावीच हवी. दोन्ही तुकडं जपून ठिव, एकबी हरवू नको."

साताऱ्यात तीन दिवस फिरले. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत एक दुकान सोडलं नाही. प्रियाचं काही नाही, असं सगळीकडे सांगितलं गेलं. ज्या गावात ही गाडी जन्मली तिथंच तिच्यासाठी अर्धचंद्राएवढा तुकडा मिळू नये, याचं मला त्या तीन दिवसांत फार वाईट वाटलं. दोष कुणाचा म्हणायचा? स्कूटर बनायची थांबली त्याला किती वर्षं झाली. दुकानदारानं न विकल्या जाणाऱ्या मालात पैसे किती काळ अडकवून ठेवायचे? तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या फिरण्यात एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली. लहान सुटा भाग शोधायला निघालेल्या माणसाला त्या भागाचं नाव, त्याचं माप आणि तुटलेला तुकडा, यातलं काहीतरी जवळ हवं. तिन्ही असतील तर उत्तम. नुसतं "गाडीत तो बारीक असतो ना, पितळी" असं सांगून काही मिळत नाही.

नावांचं म्हणाल तर गॅरेजची भाषा ही मराठीतली एक फार सुंदर बोली आहे असं मला वाटतं, आणि तिच्याकडे कुणी बोली म्हणून पाहत नाही. स्क्रूच्या अंगावरच्या वळ्यांना आटे म्हणतात. आटे गेले, आटे मारून घेतले, आटे धरत नाहीत. किती नेमका शब्द! वॉशरचा वायसर झाला तो इतका आपला होऊन की वॉशर म्हणणाऱ्याकडे दुकानदार वर मान करून बघतो. इंजिनच्या दोन भागांमध्ये घालायचा कागद म्हणजे पॅकिंग. सायकलच्या पुढच्या चाकाला धरणारा तो चिमटा. उभी करायची ती घोडी. आमच्या आळीतला सायकलवाला फ्रीव्हील उघडून आतल्या दोन चिमुकल्या खिट्ट्या दाखवायचा आणि म्हणायचा, हे कुत्रे, हे दात धरतात म्हणून पायडल मारलं की चाक फिरतं. चाक मोकळं पळताना येणारा टिकटिक आवाज त्या कुत्र्यांचा, हे ऐकून मी लहानपणी किती वेळ चाक उलटं फिरवत बसले होते.

त्याच सायकलवाल्याकडे मी मापाची पहिली गोष्ट शिकले. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. पुढच्या हबमध्ये त्याहून बारीक, तीन सूत म्हणतात कुणी, कुणी दीड सूत म्हणतात, पण असतात तीन-सोळांश इंची, एका बाजूला दहा. एक छर्रा कमी पडला तर त्याच्या जागी दुसऱ्या मापाचा घालायचा नाही. सगळे बदलायचे. जुन्या झिजलेल्या आठांत एक नवा कोरा घातला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो.

मापाची दुसरी गोष्ट बाबांनी शिकवली. प्रियाच्या इंजिनावरचे कितीतरी नट अकराच्या पान्याचे आहेत, आटे सात मिलीमीटरचे. ही इटलीच्या व्हेस्पाकडून आलेली वहिवाट. बजाजनं १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवायला घेतल्या, त्यांच्याबरोबर ती आली आणि चेतक, प्रिया अशी पुढे चालत राहिली. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. सहाचा नट मिळेल, आठाचा मिळेल, दहाचा मिळेल. साताचा मागितला की दुकानदार म्हणतो, असा नसतो. मग उतावळा माणूस आठाचे आटे मारून घेतो आणि पुढच्या माणसासाठी ते इंजिन कायमचं बिघडवून ठेवतो. बाबांनी स्कूटरचा साताचा एकही नट कधी टाकला नाही. गंज चढलेला असेल तर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे.

आणि बेअरिंगचे आकडे! हे मला उशिरा कळलं, पण कळलं त्या दिवशी एखादी लिपी वाचता यावी तसा आनंद झाला. बेअरिंगच्या कडेवर ६२०४ असं कोरलेलं असतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं, ०४ म्हणजे वीस, म्हणजे आतलं भोक वीस मिलीमीटरचं. ६२०५ असेल तर पंचवीस. फक्त पहिले चार पाठ करावे लागतात: ०० म्हणजे दहा, ०१ म्हणजे बारा, ०२ म्हणजे पंधरा, ०३ म्हणजे सतरा. ६२०२ घेतलं तर आत पंधरा, बाहेर पस्तीस, रुंदी अकरा, मग ते कुठल्याही कंपनीचं आणि कुठल्याही देशातलं असो. शेवटी दोन झेड असतील तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, आरएस असेल तर रबराची. घरातल्या छताच्या पंख्यात ६२०२ निघतं आणि एखाद्या मोटरसायकलच्या चाकातही निघतं. म्हणजे गाडीची कंपनी बंद पडली, मॉडेल बंद झालं, कागदपत्रं हरवली, तरी बेअरिंगला काही फरक पडत नाही. त्याच्या अंगावर त्याचा पत्ता कोरलेला आहे. ऑइल सीलचंही तेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तीन आकडे रबरावर उमटवलेले असतात. एकदा आमच्या गाडीतून पांढरा दाट धूर येऊ लागला होता. मामांनी सायलेन्सरपाशी वाकून वास घेतला आणि सांगितलं, गिअरचं ऑइल जळतंय, क्लचच्या बाजूचं सील गेलं. सील मिळालं ते आकड्यांवरून, गाडीचं नावही सांगावं लागलं नाही.

सगळेच भाग असे बोलके नसतात. मॅग्नेटच्या चावीवर काही कोरलेलं नसतं. तिला जागाच नाही.

माझ्या भाचीची स्कूटर नवी आहे, गिअर नसलेली. गेल्या वर्षी रिक्षाचा धक्का लागून तिच्या पुढच्या दिव्याच्या मागचा एक प्लास्टिकचा कान मोडला. दिवा लागत होता, काच शाबूत होती, फक्त ज्या कानात स्क्रू जातो तो गेला. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, असेंब्ली बदलावी लागेल. नुसता कान मिळत नाही, मागचं कवच वेगळं मिळत नाही, काच, कवच, वायरिंग सगळं एकत्र. भाचीनं पैसे भरले. जुना दिवा, लागणारा, चांगला दिवा, तिनं परत मागून घेतला म्हणून तरी तो आमच्या माळ्यावर आहे. मला हे पटत नाही. सुटा भाग सुटा मिळाला पाहिजे. गाडी विकणाऱ्याला सगळे भाग वेगवेगळे ठेवणं महाग पडतं हे मी समजू शकते, पण मोडतो तो एक कान आणि फेकला जातो अख्खा दिवा, यात कुणाचीतरी मेहनत, कुठलंतरी तांबं आणि काच कचऱ्यात जाते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कामात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. ही बातमी वाचली तेव्हा मी ती कापून बाबांना दाखवली होती. त्यांनी विचारलं, "दुरुस्तीचा हक्क वेगळा द्यावा लागतो?" त्यांच्या पिढीला तो प्रश्न खरोखरच पडला नव्हता.

त्याच भाचीच्या गाडीचा वेग दुसऱ्या वेळी अडखळू लागला तेव्हा मात्र सोपं होतं. व्हेरिएटरमध्ये, म्हणजे गिअरचं काम आपोआप करणाऱ्या भागात, सहा रोलर असतात, बोटाच्या पेराहून लहान. वर्षानुवर्षं घासून ते एका बाजूनं सपाट झाले होते. सहाचा संच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला आणि गाडी पुन्हा गुळगुळीत धावू लागली. गोल असलेली वस्तू सपाट झाली एवढाच तो आजार. उघडून पाहिल्यावर लहान मुलालाही दिसेल.

तर, नाना पेठ.

काकांनी व्हर्नियरनं जाडी मोजली. मग दोन्ही तुकडे काउंटरवर जुळवून धरले आणि उंची घेतली, मग लांबी. तीन आकडे एका पावतीच्या पाठीवर लिहिले. मी म्हटलं, "चेतकची चावी बसेल, असं म्हणतात."

"बसेल, नाही बसेल, असं तोंडानं ठरत नाही. जाडीत केसाएवढा फरक असला तर ती खाचेत हलणार. हलली की पुन्हा तुटणार. तुम्ही पुन्हा साताऱ्याहून येणार का?"

ते स्टुलावर चढले. छतापर्यंत लाकडी खण होते, प्रत्येकावर पितळी कडी. त्यांनी एकाही खणावरची चिठ्ठी वाचली नाही. तिसरा उघडला, बंद केला, त्याच्या खालचा उघडला. आतून एक पत्र्याची डबी काढली. डबीत ग्रीसमध्ये माखलेल्या चाव्याच चाव्या, बारीक, मोठ्या, काही अर्धचंद्र, काही चौकोनी. काकांनी त्या वर्तमानपत्रावर ओतल्या आणि एकेक पुसत मोजायला लागले. मागं कुणीतरी क्लच वायर मागत होतं, कुणी साइड स्टँडची स्प्रिंग. काकांचा मुलगा त्यांना माल देत होता, ऑनलाइन पैसे घेत होता. काका मात्र माझ्या चावीतच होते. दहा रुपयांच्या वस्तूसाठी त्यांनी अर्धा तास दिला असेल. मी म्हटलं, तुमचा वेळ जातोय. ते म्हणाले, "तुम्ही तुकडे आणलेत ना. तुकडे आणणाऱ्याला मी रिकामं पाठवत नाही."

तीन निघाल्या. तिन्ही त्याच मापाच्या. कशाच्या आहेत ते काकांनाही सांगता येईना, कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचा माल त्यांनी कधीतरी किलोवर घेतला होता.

"तिन्ही घेऊन जा. इथे कोण विचारणार आता?"

मी दोन घेतल्या. एक बसवायला, एक डिकीत ठेवायला. तिसरी मला घेववेना. अजून कुठेतरी एखादी प्रिया असेल, जिचा नट कुणीतरी माझ्यासारखाच ढिला ठेवला असेल. काकांनी काही न बोलता ती पुन्हा डबीत टाकली, पण बाकीच्या चाव्यांत मिसळली नाही. पावतीचा तो माप लिहिलेला कागद फाडून त्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मामांच्या ओट्यावर आम्ही दोघांनी मॅग्नेट बसवलं. टेपर आधी पेट्रोलनं धुतला, मग कोरड्या फडक्यानं पुसला, मग मामांनी माझं बोट त्यावर फिरवायला लावलं. बोटाला काही लागत नाही ना? नाही. चावी खाचेत ठेवून लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकली. मॅग्नेट सरकवलं, घळ चावीवर आली आणि आत गेली. होल्डर लावून नट आवळला तो मीच आवळला, मामांनी फक्त होल्डर धरलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात होते. त्यांनी गाडी दोन मिनिटं तशीच चालू ठेवायला सांगितली, कान देऊन ऐकली आणि मग हात वर करून बंद करायची खूण केली. मी त्यांना दुसरी चावी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, माझ्याकडून तुटकी जोडीही मागून घेतली, आणि दोन्ही एका कोऱ्या कागदात पुडी करून बांधल्या. मग पेन मागितलं. हात थरथरतो त्यांचा आता, पण अक्षर अजून फळ्यावरचं आहे. पुडीवर त्यांनी लिहिलं: प्रिया. मॅग्नेट चावी, १ नग. सोबत सॅम्पल.